पहिल्या मजल्यावरची कोनशिला

सोनईच्या अलीकडं आमचं हायस्कूल आहे. तिथं मी, स्टीफन साळवे, इंग्रजी शिकवतो. मुलं शिकतात की नाही हा वेगळा विषय. माझा मित्र गोरक्षनाथ तिथंच प्रयोगशाळा सहायक आहे. प्रयोगशाळेत आता एक सांगाडा आणि तीन परीक्षानळ्या उरल्यात, म्हणून शाळेतला एकुलता एक चालू संगणकही त्याच्याच गळ्यात मारलाय.

त्या संगणकावर गोरख मधल्या सुट्टीत एक जुनाट गेम खेळायचा. चित्र नाही, आवाज नाही. काळा पडदा आणि त्यावर अक्षरं. रेघांनी आखलेल्या खोल्या आणि त्यांत आपला गडी, म्हणजे ई-मेलच्या पत्त्यात असतं ते वेटोळं. इंग्रजी आर दिसला की उंदीर, टी दिसला की राक्षस. जमिनीखाली सव्वीस मजले उतरायचे, तळातला तावीज घ्यायचा आणि तेवढेच मजले चढून उजेडात यायचं. गडी मेला की खेळ खलास, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

"आयुष्यासारखंच हाय, सर," गोरख म्हणायचा. "फकस्त हितं मेल्यावर कशानं मेला ते खरं सांगत्यात."

आधीचे चाळीसेक गडी त्यानं घालवले होते. एक अनोळखी बाटली पिऊन आंधळा झाला, एक उपाशी मेला. पण शेवटच्या गड्याला त्यानं स्वतःचं नाव दिलं आणि तो अकरा महिने टिकला. तावीज हाती आला त्या दिवशी गोरखनं सगळ्या स्टाफला भेळ दिली, कारण मात्र फक्त मला सांगितलं. आता वर यायला तीनच मजले उरले होते. मी शेजारी डबा उघडून बसायचो आणि घास हातातच राहायचा.

त्यात उद्घाटन निघालं.

संस्थेनं वीस नवे संगणक घेतले होते. ते खोक्यांतच पडून होते, कारण खोलीच्या वायरिंगला अजून मंजुरी नव्हती. पण संस्थेचे उपाध्यक्ष छगनराव, म्हणजे आमचे भाऊसाहेब, यांची तारीख मिळाली होती. वायरिंग काय, कधीही होतं. तारीख पुन्हा मिळत नाही. म्हणून जुनाच संगणक नव्या खोलीत टेबलावर ठेवला आणि त्याला हार घातला.

"पडद्यावर काहीतरी भारी पाहिजे," मुख्याध्यापक वैजनाथ सर म्हणाले. गोरखनं गुलाबाचं चित्र लावून पाहिलं, शाळेचं बोधचिन्ह लावून पाहिलं. सरांना काही पटेना. मग त्यांना तो काळा पडदा दिसला. "हे! हेच ठेवा. बघितल्याबरोबर कॉम्प्युटर वाटतो."

"सर, गेम हाय तो."

"कोणाला कळतंय?"

"मग फोटो काढून लावतो त्याचा."

"अहो, भाऊसाहेब कळ दाबणार आणि पडद्यावर काही हलणारच नाही? शोभतं का?"

नवा डाव लावायचा तर जुना मोडावा लागतो, हे सरांना सांगून उपयोग नव्हता. गोरखनं दोन दिवस विचार केला आणि एक निरुपद्रवी कळ शोधली. ती दाबली की गडी क्षणभर जागच्या जागी उभा राहतो आणि कोपऱ्यातला आकडा एकानं वाढतो. त्या मजल्यावर एक राक्षस होता, पण लांब होता. एक क्षण उभं राहून काय बिघडणार? गोरखनं त्या कळीवर कुंकवाचं बोट लावलं.

भाऊसाहेब दोन तास उशिरा आले. नारळ फुटला, समई लागली आणि मग त्यांनी शुभहस्ते कळ दाबली. कोपऱ्यातला आकडा हलला. टाळ्या झाल्या. मी सुटलो म्हणून श्वास सोडला.

"भाऊसाहेब, बोट तसंच ठेवा! इकडं बघा!" फोटोग्राफर ओरडला.

भाऊसाहेबांनी बोट तसंच ठेवलं. असल्या बाबतीत त्यांचा हात मुरलेला आहे. आकडा भराभरा पळायला लागला. तेवढ्यात दोन संचालक चौकटीत घुसले, तिसऱ्याला टोपी सापडेना, चौथा म्हणाला मॅडमना पुढं घ्या. पडद्यावर बोळातून टी आला. गडी हुकमाप्रमाणं उभाच.

"साहेब, बोट उचला," गोरख मागून म्हणाला. वैजनाथ सरांनी त्याला डोळ्यांनीच गप्प केलं.

"आणखी एक!" फोटोग्राफर म्हणाला.

आणखी एक निघेपर्यंत अकरा महिने संपले होते.

गडी मेला की हा गेम पडद्यावर रेघांनी थडग्याचा दगड काढतो. वर नाव, मग साल, खाली मरणाचं कारण. भाऊसाहेब खूश झाले. "वा! कॉम्प्युटरमधेच कोनशिला!" मग त्यांनी चष्मा लावला. "आरं, पन हे नाव कोनाचं? गोरक्षनाथ कोन?"

सगळे गोरखकडं बघायला लागले.

"उद्घाटन आमी करायचं आन् दगडावर नाव शिपायाचं?"

"चुकून झालं, भाऊसाहेब," वैजनाथ सरांना घाम फुटला. "गोरक्षनाथ, बदला ताबडतोब."

गोरखचे डोळे भरले होते. तो संगणकापुढं बसला. नवा डाव लावला आणि भाऊसाहेबांचं नाव टाकलं. एकेका पावलाला पाच मिनिटं घेणारा हा माणूस. त्यानं तलवार टाकली, चिलखत काढलं, समोर पहिला आर दिसला तिथं गडी नेऊन उभा केला आणि त्याच कुंकवाच्या कळीवर बोट ठेवलं. उचललंच नाही. अर्ध्या मिनिटात दगड आला. वर छगनराव, मग साल. प्रचंड टाळ्या पडल्या, दगडाचा फोटोही निघाला.

"खाली काय लिवलंय? साळवे सर, तुमी विंग्रजीचे. माईकवर वाचा की."

खाली लिहिलं होतं, पहिल्या मजल्यावर उंदरानं मारला.

मी गोरखकडं पाहिलं. तो माझ्याकडं पाहत नव्हता. माझ्या निवृत्तीला दोन वर्षं आहेत. खरं सांगतो, मी भ्यालो.

"खाली 'पहिला मजला' असं लिहिलंय," मी म्हणालो.

खोली पहिल्याच मजल्यावर होती. "बघा!" भाऊसाहेब म्हणाले. "मजलासुदिक कळतो त्याला!"

महिन्याभरानं त्या फोटोवरून नगरला खरी कोनशिला घडवली. काळा ग्रॅनाईट, सोनेरी अक्षरं. खालची ओळ इंग्रजीत आहे, भारदस्त दिसते, म्हणून ती जशीच्या तशी ठेवा असं खुद्द भाऊसाहेबांनी सांगितलं. जिना चढलं की समोरच आहे. तिच्यासमोर दोनदा हार घालून झाले, फोटो झाले. संगणक अजून खोक्यांत आहेत.

गोरख रोज सकाळी ती कोनशिला पुसतो. परवा मी त्याला विचारलं, "आता तरी बरं वाटतं का रे?"

"न्हाई, सर," तो म्हणाला. "तीनच जिनं ऱ्हायलं हुतं."

मग त्यानं फडकं पिळलं आणि पुन्हा खालची ओळ घासायला घेतली. तीच तो सगळ्यात जास्त घासतो, त्यामुळं लांबूनही तीच आधी दिसते.