बिनविषाचे बेडूक

मामांनी एकेचाळिसावा बेडूक डब्यात सोडला, वरून ओल्या शेवाळाची चिमूट टाकली आणि झाकण हातात धरून तसेच उभे राहिले. समोर मॅडम डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होत्या. परवा सकाळी हे सगळे निळे बेडूक जंगलात सोडायचे होते. जंगलातून ते नाहीसे झाले त्याला वीस वर्षं होऊन गेली होती. उरले होते ते फक्त या काचघरात, आणि त्यांना सांभाळलं होतं मामांनी.

"मामा, झाकण."

"मॅडम, हे नका सोडू."

"जीव अडकला ना?" मॅडम हसल्या. "साहजिक आहे."

मामांनी हातातला रबरी मोजा काढला आणि बेडूक उचलून उघड्या तळहातावर घेतला. मॅडम खुर्चीवरून ताडकन उठल्या.

"खाली ठेवा आधी! वेड लागलंय का?"

"काही होत नाही," मामा म्हणाले. "सहा वर्षांपूर्वी एकदा मोजा फाटला होता, बोटाला जखमही होती. तेव्हाही काही झालं नाही. यांच्यात विषच नाहीये."

बेडकाचं विष त्याचं स्वतःचं नसतं, हे मॅडमनीच त्यांना शिकवलं होतं. जंगलातल्या पाचोळ्यात बारीक मुंग्या असतात, सुईच्या टोकाएवढे कोळी असतात. विष असतं ते त्यांच्या अंगात. बेडूक त्यांना खातो, पचवतो आणि विष आपल्या कातडीत साठवून ठेवतो. पक्षी एकदा चोच मारतो, तोंड पोळून घेतो आणि पुन्हा त्या निळ्या रंगाच्या वाटेला जात नाही. हजारो पिढ्यांनी एकमेकांना असं घडवलं होतं. म्हणून दर आठवड्याला टेकडीपलीकडून पाचोळ्याचं पोतं आणायचं काम मामांकडे होतं. गुडघा धरला तसं त्यांनी ते हळूच बंद केलं आणि बाटल्यांत वाढवलेल्या माश्यांवर भागवलं. बेडूक टुणटुणीत राहिले, त्यांना पिलं झाली. वहीत मात्र दर सोमवारी 'पाचोळा, एक पोतं' असं लिहिलं जात होतं.

मॅडम वही उघडून बराच वेळ पानं उलटत राहिल्या.

"सोडले असते तर आठवड्यात एकही उरला नसता. निळा रंग लांबून दिसतो. आणि सहा वर्षं तुम्ही गप्प?"

"आधी लाज वाटली. मग... लोक मला विषाशी खेळणारा माणूस म्हणायचे. बरं वाटायचं."

मॅडमनी फोन करून परवाचा बेत रद्द केला. फोन ठेवल्यावर विचारलं, "आता पोती कोण आणणार?"

"मीच."

"आणि गुडघा?"

"तो येईल की माझ्याबरोबर."

त्या हसल्या नाहीत.

संध्याकाळी मामांनी बायकोला सगळं सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. त्यांचे कामाचे कपडे ती इतकी वर्षं वेगळे धूत आली होती. एका थेंबाने माणूस आडवा होतो, असं लग्नानंतर त्यांनीच तिला सांगितलं होतं, थोडं तिखटमीठ लावून.

"सहा वर्षं?" तिने विचारलं.

"हो."

"फोन वाजला की मला वाटायचं, तुमचंच काहीतरी झालं. दिवसातून किती वेळा वाजतो, ठाऊक आहे? तुम्ही नुसतं एवढं म्हणायचं होतं, की आता भीती नाही."

त्यानंतर कित्येक दिवस ती 'जेवायला वाढलंय' याच्यापुढे बोलली नाही.

मामा पोती आणत राहिले, गुडघ्याला पट्टा बांधून, वाटेत चार ठिकाणी बसत. आठ महिन्यांनी तपासणीचा अहवाल आला. बेडकांच्या कातडीत विष उतरलं होतं.

सोडायच्या दिवशी बायको स्वतःहून गाडीत येऊन बसली.

"मला बघायचंय," एवढंच म्हणाली.

मामांनी ओढ्याकाठी पहिला डबा उघडला. निळे ठिपके पाचोळ्यावर विखुरले. दहा मिनिटंही झाली नसतील, तोच एक करडा पक्षी फांदीवरून झेपावला आणि एकाला चोचीत धरून वर गेला. मामांच्या तोंडून "अरे!" निघालं. पक्ष्याने मान झटकली, बेडूक टाकून दिला, चोच सालीवर पुन्हा पुन्हा घासली आणि आ वासून बसून राहिला. खाली पडलेला बेडूक क्षणभर निपचित होता. मग एक पाय ओढत पानाखाली शिरला.

मॅडम भराभर लिहीत होत्या. दुसरा बेडूक त्या पक्ष्याच्या अगदी खालून उड्या मारत गेला. पक्षी बघत राहिला, हलला नाही.

"बिचारा पक्षी," बायको म्हणाली.

मग मामांकडे वळून तिने विचारलं, "म्हणजे आता मला पुन्हा घाबरायला हवं?"

"थोडं."

"खरं ना?"

"अगदी खरं."

तिने मान डोलावली. डबे रिकामे झाल्यावर ती उतारावरून पुढे निघाली. चार पावलांवर थांबून तिने त्यांच्यासाठी हात मागे केला.

"थांब," मामा म्हणाले. "हात धुऊन येतो."

ते ओढ्यापाशी बसून नखांपर्यंत चोळून हात धुऊ लागले. ती तशीच उभी राहिली, हात त्यांच्या दिशेने धरून.