वन्सं सांगतील

त्या सकाळी शिंपीणबाई बाहीला अस्तर लावत होत्या आणि त्यांची थोरली नणंद त्यांचं दुखणं पाठ करत होती. घरातल्या बाईचं दुखणं डॉक्टरांना वन्संनीच सांगायचं, अशी या घराची रीत होती. स्वतःच्या तोंडानं सांगणं बरं दिसत नाही, असं सर्वांचं मत होतं. दुखणाऱ्या बाईचं मत कुणी विचारलं नव्हतं.

वर्षापूर्वी बाईंचं मन इतकं खचलं, की सुईत दोरा ओवावासा वाटेना. गोळ्या सुरू झाल्या, बाई पुन्हा हसू लागल्या. फक्त अंग मुकं झालं. घड्याळजी नवऱ्यानं जवळ घेतलं, तरी कपाटाला टेकल्यासारखं वाटे. पन्नाशीच्या बाईला तसली इच्छा नसतेच, हे जगाला ठाऊक असल्यामुळे ती हरवल्याची तक्रार करायची सोय नव्हती.

घड्याळजींनी अंथरूण माळ्यावर नेलं. "मी घोरतो. तुला त्रास नको," म्हणाले. ते घोरत नसत.

त्या सकाळी बाईंनी धीर केला. "वन्सं, गोळ्या घेतल्यापासून... यांच्याजवळ गेलं तरी काहीच वाटत नाही. डॉक्टरांना विचाराल?"

"अगं बाई! या वयात? सूनबाई ऐकेल ना!"

"सूनबाईला नाही, डॉक्टरांना विचारायचंय."

"बघते."

वन्संनी डॉक्टरांना पचनाची तक्रार सांगितली. डॉक्टरांनी पाचक लिहून दिलं.

मग बाईंनी कुणाला न सांगता गोळ्या एकदम सोडल्या. आठवडा गेला नाही तोच घड्याळजी दुपारी जेवायला आले, तर बाई मशीनवर रडत बसलेल्या. पाय चालूच होता. सुईखाली कापड नव्हतं. शेजारी गोळ्यांची पट्टी न फोडता पडली होती.

"गोळ्या का सोडल्यास गं?"

"तुमचा हात ओळखू येईना."

घड्याळजींनी मशीनचं चाक हातानं थांबवलं. "मला वाटलं, मीच नकोसा झालो."

दवाखान्यात वन्सं सवयीनं पुढे झाल्या.

"वन्सं, तुम्ही बाहेर बसा. आज मी सांगते."

बाईंनी सगळं सांगितलं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "हे या गोळ्यांनी होऊ शकतं. मात्रा कमी करता येते, औषध बदलता येतं. मनानं सोडू मात्र नका. वर्षभर बोलला का नाहीत?"

"तुम्ही मला कधी विचारलंत?"

डॉक्टरांनी गोळी बदलली. गेलेलं परत येईलच, असं वचन काही त्यांना देता आलं नाही. त्या दिवशी अंथरूण तेवढं माळ्यावरून खाली आलं.

बाई दवाखान्यातून निघाल्या, तेव्हा बाहेर बाकावर बायका रांगेनं बसल्या होत्या. प्रत्येकीच्या शेजारी तिच्या वतीनं बोलणारं माणूस बसलं होतं.