आहेराचा सदरा

मी महिपतरावांचा सदरा बोलतोय. रंग विचारू नका, एके काळी आकाशी होतो. आज मान वर करायचीही लाज वाटते, तरी बोलतो.

वामनरावांनी मला आदिलाबादच्या बाजारातून आणलं, लेकीच्या, चंदाच्या लग्नात शेजारी महिपतरावांना आहेर करायला. महिपतरावांनी मला तिथेच अंगात घातलं आणि पंगतीमागून पंगती वाढल्या. शेवटी ते जेवायला बसले, तर वामनराव स्वतः वाढायला आले. आग्रहाच्या नादात वरण थेट माझ्या खिशावर सांडलं. दोघे पोट धरून हसले. तो पिवळा डाग राहीबाईंनी कितीदा घासला, पण नवऱ्याच्या सदऱ्यावरून तो हलला नाही. मी तो मिरवत असे.

पुढे मी विरलो. राहीबाईंनी मला बुजगावण्यासाठी वामनरावांच्या पत्नी बयनाबाईंना दिलं. पाखरं हाकलत मी मजेत उभा होतो.

यंदा शहरात राहणाऱ्या चिंतामणी मास्तरांचं वावर वामनरावांनी मक्त्यानं घेतलं. त्यातूनच महिपतरावांची गाडीवाट जाते. वामनरावांनी वाटेवरही ज्वारी पेरली आणि मला नेमकं तिथेच रोवलं. कापूस वेचून झाल्यावर महिपतराव आले.

“वामनभाऊ, गाडी कुठून नेऊ?”

“मक्ता मी भरून राह्यलो. तुमी डोक्यावर न्या!”

शब्दाला शब्द वाढला. दुसऱ्या दिवशी वामनरावांनी माझ्या गळ्यात जुन्या चपलांचा हार घातला आणि माझं तोंड महिपतरावांच्या वावराकडे फिरवलं. येणारे-जाणारे खिदळले. मी तोंड तरी कसं लपवणार? दोन्ही बाह्या काठीला बांधलेल्या.

कापसाचं गाठोडं डोक्यावर घेऊन महिपतराव आले. मला पाहून थबकले.

“मले चपला घालाच्या तं घाला, भाऊ. पन तुमच्या आहेराले काऊन घातल्या?”

वामनराव जवळ आले. खिशावरचा डाग पाहून त्यांचा चेहराच उतरला.

“राहीनं देल्ला तवाच सांगतलं होतं मी, हा आपलाच आहेर हाय म्हनून,” बयनाबाई म्हणाल्या. “तुमी आयकता कुठं?”

महिपतराव तोवर निघून गेले होते.

त्याच दुपारी वामनरावांनी वाटेवरची ज्वारी स्वतः कापली. मला काठीवरून उतरवून आपल्या हातांनी धुतलं. आता महिपतरावांची गाडी जाते, पण ती आली की वामनराव उगाच खाली वाकून गवत उपटत बसतात. संध्याकाळी मला काखेत घेऊन महिपतरावांच्या दारापर्यंत जातात आणि तसेच परततात. मग मी पुन्हा खुंटीवर.

वामनराव, एकदा आत चला हो. राहीबाईंनी माझं पोतेरं केलं तरी चालेल, पण त्या घरचं होऊ द्या. बोलायला तोंड नसेल, तर नका बोलू. चपलांचा चिखल धुऊन निघालाय, वरणाचा डाग अजून आहे. तेवढा दाखवा.