पेशीचा हट्ट

तिने श्वास रोखून काचेची बारीक नळी आणखी केसभर खाली नेली. टोक मेंदूच्या पेशीला चिकटलं आणि पडद्यावर थरथरती रेघ उमटली.

"सापडली बया!" ती पुटपुटली.

मागे खुर्चीत बसलेल्या सरांनी नुसतं 'हं' केलं. मेंदू बदलतो तो पेशींच्या आपसातल्या जोडण्यांमुळे, हे त्यांनी जन्मभर शिकवलेलं. हिचं म्हणणं, जोडण्या गप्प केल्या तरी पेशी आतून बदललेलीच राहते. सर तिला 'हट्टी' म्हणत, ते काही उगाच नाही. परवा प्रबंधाच्या समितीपुढे हे सिद्ध झालं नाही, तर इतक्या वर्षांची मेहनत पाण्यात.

या पेशीला आठवडाभर बाहेरचा एकही निरोप मिळू दिलेला नव्हता; तिच्या मते त्यामुळेच पेशी आतून हळवी झालेली असायला हवी होती. तिने बटण दाबून विजेचा अगदी हलका धक्का दिला. एरवीच्या पेशीने त्याला भीकही घातली नसती. इथे मात्र पेशीचे ठोके ऐकवणाऱ्या स्पीकरमधून ठक ठक ठक असा सपाटाच सुरू झाला.

"छान," सर म्हणाले. "परवा हेच दाखव."

एवढ्यावर मान्य? तिला आनंदाने रडूच यायचं बाकी होतं. रुमाल घ्यायला ती वळली. जोडण्या गप्प करणाऱ्या औषधाची तोटी बंद होती. आज सकाळी नळ्या धुताना तिनेच बंद केलेली! म्हणजे ती ठकठक शेजारच्या पेशींच्या निरोपांमुळेही असू शकत होती; सिद्ध काहीच झालं नव्हतं. पेशी थोड्या वेळात मरणारच होती. तोंड मिटून बसलं, तर कुणाच्या बापाला कळणार होतं?

"सर, माती खाल्ली मी," ती म्हणाली. "धक्का देताना औषध सुरूच नव्हतं."

तिने तोटी उघडली. हळूहळू रेघेची थरथर विरली, रेघ सपाट झाली. शेजाऱ्यांचे निरोप थांबले. तिने घाबरत घाबरत तोच हलका धक्का दिला.

ठक ठक ठक.

"बघा सर, एकटी बोलतेय!" ती ओरडलीच.

सरांनी चष्मा काढून पुसला. पुन्हा पुसला.

"तोटी बंद आहे, हे मला मघाशीच दिसलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"परवा सगळ्यांसमोर विचारणार होतो."

संतापाने तिचे कान तापले. ती उठली आणि खुर्ची बाजूला सरकवली.

"आता तुम्ही दाबा बटण."

सर पुढे आले. त्यांचं बोट क्षणभर बटणावर अडखळलं. मग त्यांनी दाबलं, आणि पेशीने त्यांनाही तेच उत्तर दिलं.