कोशात नसलेले शब्द

विश्रांतवाडीचे गोपाळकृष्ण सर कॉलेजातून निवृत्त झाले आणि इंटरनेटवरच्या एका मराठी ज्ञानकोशात शब्दांच्या व्युत्पत्ती लिहू लागले. प्रत्येक नोंदीखाली संस्कृत शब्दकोशाचा दाखला, पान क्रमांकासकट. त्यांचा जुना विद्यार्थी नियाज बिबवेवाडीच्या शाळेत संस्कृत शिकवायचा आणि फावल्या वेळात त्याच ज्ञानकोशाच्या नोंदी तपासायचा. सरांच्या नोंदी मात्र तो डोळे मिटून मंजूर करी.

एकदा वर्गात दाखवायला म्हणून त्याने एका नोंदीत सरांनी दिलेलं शब्दकोशाचं पान उघडलं. शब्द तिथे नव्हता. अख्ख्या कोशात नव्हता. मग तो सरांच्या अलीकडच्या नोंदी पडताळत बसला. काही बिनचूक होत्या; काहींत धातू, अर्थ, पान, सगळंच मनचं.

रविवारी तो सरांकडे गेला. एक शंका आहे म्हणत त्याने कोशातून ‘क्षेम’ काढून द्यायची विनंती केली. सरांनी कोश मांडीवर घेतला. शेवटची पानं चाळली, मग सुरुवातीची, पुन्हा शेवटची. संस्कृत कोशात ‘क्ष’ हा ‘क’च्या पोटात शोधायचा, हे त्यांनीच नियाजला शिकवलं होतं.

“अक्षरांचा क्रम कुणी बदलला रे हा?” त्यांनी विचारलं.

चहा घेऊन आलेली त्यांची मुलगी पूर्वा दारातच थांबली. जाताना जिन्यात ती नियाजला म्हणाली, बाबा गॅस चालू ठेवतात, शेजाऱ्यांची नावं विसरतात. “पण संस्कृत शाबूत आहे असं वाटत होतं.”

शाळेतली मुलं त्या नोंदी वाचून उत्तरं लिहीत होती. नियाजने संपादकांना कळवलं. खरं-खोटं निवडत बसायला कुणाला वेळ नव्हता. नियाजने विनवूनही त्यांनी सरांचं सगळंच काम काढून टाकलं, आधीच्या चांगल्या वर्षांचंही.

सरांचा फोन आला. कुणीतरी मत्सरापोटी हे केलंय, आपण दाद मागू, असं ते म्हणत होते.

“सर, मीच कळवलं,” नियाज म्हणाला. “ते शब्द कोशात नव्हते.”

सरांनी एवढंच विचारलं,

“पडताळून पाहिलंस?”

“हो, सर.”

“मग योग्य केलंस.” त्यांनी फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन. कुणीतरी मत्सरापोटी आपलं काम पुसलंय, म्हणाले. नियाजने पुन्हा सगळं सांगितलं. पुन्हा तोच प्रश्न, तेच उत्तर. त्यानंतरही फोन येतच राहिले आणि प्रत्येक वेळी सरांना ते पहिल्यांदाच कळत होतं.

शेवटी एके दिवशी नियाज म्हणाला, “हो सर, कुणीतरी केलंय खरं. मी दाद मागतो.”

“माझ्या बाजूने तूच आहेस रे आता,” सर म्हणाले.