धाकटीची प्रार्थना, थोरलीची पक्कड

थोरलीने पक्कड उचलली आणि खुर्चीतल्या सुताराने तोंड मिटून घेतलं.

"काय झालं?" तिने इंग्रजीत विचारलं.

दुभाषी नर्सने सुताराला विचारलं आणि जरा संकोचून उत्तर आणलं. "त्या दुसऱ्या बाई कुठायत म्हणतोय. प्रार्थनेच्या."

थोरलीने पक्कड ट्रेमध्ये ठेवली. आवाज जरा जास्तच झाला.

ती दातांची डॉक्टर. दर सुट्टीत स्वतःच्या तिकिटाने या परदेशी मिशनच्या दवाखान्यात यायची आणि फुकट दात काढायची. सासरच्या गोतावळ्यापासून दूर, तिची एकटीची अशी जगात हीच एक जागा होती. यंदा धाकटी जाऊ मागे लागली. "ताई, मी भांडी घासेन, पण मला न्या." नेली. हत्यारं उकळायच्या कामाला लावली. तिथवर सगळं ठीक होतं.

पण इथली रीत अशी, की दाताला हात लावण्याआधी पेशंटचा हात धरून प्रार्थना करायची. थोरली ते काम इंजेक्शन चढेपर्यंत उरकायची. प्रभू, मदत कर, आमेन, थुंका. एकदा हात अडकले म्हणून तिने धाकटीला "तू कर गं" म्हटलं, आणि पायावर धोंडा पाडून घेतला. धाकटीने नर्सला मध्ये घालून घरची विचारपूस केली आणि मग डोळे मिटून, चक्क मराठीत, त्या माणसाचं गळकं छप्पर, रुसलेली बायको, आजारी शेळी, सगळं देवाच्या कानावर घातलं. पेशंटला ओ की ठो कळलं नाही, तरी तो रडला. दाढ थोरलीने काढली, मिठी धाकटीला मिळाली. तेव्हापासून रोज हेच. गेल्या रविवारी तर पाळकांनी भर चर्चमध्ये धाकटीला पुढच्या वर्षीचं आमंत्रण दिलं आणि मग आठवण झाल्यासारखं म्हणाले, "डॉक्टरांनीसुद्धा यावं."

घरी सासूबाई धाकटीचे गोडवे गायच्या ते थोरली गिळत आली होती. पण त्यासाठी विमानाने इतक्या लांब यायची काय गरज होती?

म्हणून आज सकाळी तिने धाकटीला आवाराच्या पार दुसऱ्या टोकाला, चष्मेवाटपाच्या टेबलावर पाठवलं. "इथे तुझे फार हाल होतात गं."

सुताराने आता हात पुढे केला होता. थोरलीने तो धरला.

"हे स्वर्गीय पित्या, याला बरं कर. आमेन."

सुताराने हात सोडला नाही.

"त्या बाई बराच वेळ करतात," नर्स म्हणाली.

थोरलीने डोळे मिटले. मराठी इथे कुणाच्या बापाला कळत नव्हती.

"देवा, याची दाढ किडलीय, ती तुला दिसतेच आहे. हा माझ्याकडून ती काढून घेणार आणि विचारणार माझ्या जावेला. तिला साधी सिरिंज धरता येत नाही. तरी सगळ्यांना तीच हवी. घरीही, इथेही. मी तिला चष्म्यांकडे धाडलं आणि वर तिच्याच भल्याचं म्हणून सांगितलं. मला तिचा हेवा वाटतो, देवा. ती खाष्ट असती तर किती सोपं झालं असतं. तेवढंही तिच्याच्याने होत नाही."

सुताराची पकड घट्ट झाली. नर्सने नाक ओढलं. थोरलीला पुढे काय मागावं ते सुचेना.

"येशूच्या नावाने मागते..." ती अडखळली.

"आमेन," मागून आवाज आला.

धाकटी दारात उभी होती. तिच्या हातात रिकामं खोकं होतं.

"चष्मे संपले, ताई."

थोरलीचे कान तापले. काहीतरी बोलायला तिने तोंड उघडलं, पण खोकं खाली ठेवून धाकटी तोवर हात धुवायला लागली होती.

"कुठली दाढ?"

"खालची. डावीकडची."

धाकटीने टॉर्च उचलला. तिला पाहून सुताराचा चेहरा खुलला. त्याने आपला दुसरा हात तिच्याकडे लांब केला.

"नर्सबाई, त्याला सांगा, माझे हात मोकळे नाहीत," धाकटी म्हणाली.

टॉर्च बोटभर होता. तिने तो दोन्ही हातांनी धरला.