खाचरात पावसाळा काढलेली लॉरी

मी एक लॉरी बोलतेय. मरोळच्या गावठाणाबाहेर, कॉन्सेप्टामावशींच्या भाताच्या खाचरात अर्ध्या चाकांपर्यंत रुतून उभी आहे. बांधावरून जाणारा नवखा माणूस मला बघून थबकतो आणि मग हसतो. हसू द्या. पिकल्या भातातून लॉरीचं नाक वर आलेलं मी दुसरीकडे कुठं पाहिलं असतं, तर मीही हसलेच असते. फक्त मी इथं कशी आले ते आधी ऐकून घ्या.

माझा जन्म साता समुद्रांपलीकडचा. लढाईच्या दिवसांत बोटीतून मुंबई बंदरात उतरले, आणि अंगाला मुंबईचं वारं नीट लागायच्या आत मला ब्रह्मदेशाच्या वाटेला धाडलं. तिथला चिखल काय सांगू! पण आमच्या दिमतीला साखळ्या होत्या, दोरखंड होते आणि ढकलायला अख्खी पलटण होती. त्यामुळे चिखलाचं भय मला कधी वाटलं नाही. त्या दिवसांचा माज पुढं पुष्कळ वर्षं मला पुरला.

लढाई संपली तशी आमची गरज संपली. ओळीनं उभं करून आम्हाला लिलावात काढलं. माणसं यायची, टायरला लाथ मारायची, तोंड वाकडं करायची आणि पुढं जायची. लॉरी घ्यायला आलेला प्रत्येक जण आधी टायरला लाथ का मारतो, हे मला आजतागायत कळलेलं नाही. रेमंडनं मात्र लाथ मारली नाही. त्यानं बॉनेट उघडलं, बराच वेळ आत डोकं घालून बसला आणि हात काळे करून हसत बाहेर आला.

रेमंड मरोळच्या पाखाडीतला, म्हणजे तिथल्या जुन्या ख्रिस्ती वस्तीतला. आधी दुसऱ्यांच्या गाड्या चालवायचा, आता स्वतःची झाली म्हणून त्याला कोण आनंद! पाद्रीबाबांनी माझ्यावर पवित्र पाणी शिंपडलं. कार्मेननं, त्याच्या बायकोनं, मला हार घातला आणि वर ऐकवलं, "लग्नात माज्याकडं येवढं बगितलं नव्हतंस!" पाखाडीतल्या बायका खूप हसल्या. पण त्या दिवसापासून त्या घराची चूल माझ्या चाकांवर चालू लागली, आणि ते कार्मेनइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

आम्ही विटा, रेती, खडी वाहायचो. तेव्हा अंधेरीपासून मुलुंडपर्यंत जिकडंतिकडं सोसायट्या निघत होत्या. शहरातल्या खोल्यांत दाटीवाटीनं राहणारी माणसं रविवारी डबे घेऊन मोकळ्या प्लॉटवर यायची आणि हवेत बोट दाखवून एकमेकांना सांगायची, "हे आपलं स्वयंपाकघर. ही मोरी. इथं पलंग." मला ती माणसं फार आवडायची. नसलेल्या दारातून वाकून आत जाणारे एक आजोबा मी स्वतः पाहिलेत.

विद्याधरराव अशाच एका सोसायटीचे सेक्रेटरी. गिरगावात राहायचे, कचेरीत नोकरी करायचे, आणि उरलेला सगळा जीव या इमारतीत ओतायचे. कामाचं वेळापत्रक त्यांनी तांबड्या-निळ्या पेन्सिलींनी आखून साइटवरच्या खोपटात टांगलं होतं. दिवाळीनंतर सगळ्यांनी राहायला यायचं, असं ठरलं होतं. त्यांच्या पत्नी उत्तराबाईंनी तर नव्या घराच्या खिडक्यांचे पडदेही शिवून ठेवले होते.

एक गोष्ट मात्र या मंडळींच्या ध्यानात आली नव्हती. त्यांनी प्लॉट पाहिला तो माघात. मोठ्या रस्त्यापासून थेट प्लॉटपर्यंत गाडीवाट गेलेली, जमीन दगडासारखी टणक. त्यांना वाटलं, हा रस्ताच आहे. प्रत्यक्षात ते होतं कॉन्सेप्टामावशींचं खाचर. भात कापला की सगळ्या पाखाडीच्या गाड्या तिथूनच जायच्या. पेरणीला मावशी नांगर घालायच्या आणि वाट मिटायची. मग दिवाळीपर्यंत माणसं बांधावरून चालायची. ही उन्हाळवाट आहे हे गावात शेंबड्या पोरालाही माहीत, म्हणून विद्याधररावांना ते कुणी सांगितलंच नाही. कुणाला ते माहीत नसेल, असं कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

शेवटी चैत्रात रेमंडनंच विषय काढला. "सायेब, सगळा माल रोहिणी लागायच्या आत आनून टाका. मग इथून गाडी नाय जानार."

विद्याधरराव म्हणाले, "अहो, पावसाचे दिवस मी धरलेत की. पाऊस पडेल, काम थांबेल. पाऊस थांबला की पुन्हा सुरू."

"पाऊस थांबतो, सायेब. चिखल थांबत नाय."

विद्याधरराव टांगलेल्या कागदाकडं बघत राहिले. पाऊस त्यांनी निळ्या पेन्सिलीनं धरला होता, पण चिखल कुठंच धरला नव्हता. भल्या माणसानं वाद घातला नाही. दुसऱ्या दिवसापासून आमच्या खेपा दुप्पट झाल्या. रेती आली, खडी आली, विटा आल्या, सळया आल्या. स्लॅबचं सेंटरिंग उभं राहिलं. राहिलं ते फक्त सिमेंट. त्याला सरकारी परमिट लागायचं, आणि परमिटला पंचांग कळत नाही.

रोहिणी लागली, मग मृग लागला. आजूबाजूच्या खाचरांतून नांगर फिरू लागले. कॉन्सेप्टामावशींची रोपं कडेच्या वाफ्यात वाढत होती, पण त्यांनी मधली वाट तशीच ठेवली होती. मावशी एकट्या होत्या. नवरा गेलेला, मूलबाळ नाही. वर्षाचं खाणं याच खाचरातून यायचं. शेजारणी म्हणायच्या, "अगो, नांगर कवा घालतेस? रोपं म्हातारी व्हायला लागली." मावशी म्हणायच्या, "यांची येकच खेप राहिलीय. तेवडी येऊ दे, मग घालते."

सिमेंट आलं तो रविवार होता, सोसायटीची मंडळी बायकांसकट प्लॉटवर आली होती, आणि ऊन पडलं होतं. आधी चांगला पाऊस होऊन गेला होता, पण वरचा थर सुकून पांढरा दिसत होता. रेमंड खाली उतरला, टाचेनं जमीन दाबून पाहिली आणि डोकं खाजवलं. मग आभाळाकडं बघितलं. पश्चिमेकडून ढग चढत होते. माझ्या हौद्यात ताडपत्रीखाली सिमेंटच्या गोण्या होत्या, आणि वाफ्यात वाट बघणारी रोपं. आज नाही तर मग नाहीच. मावशींनी बांधावरून हात केला, "ये रे बाला, हळू ये."

आम्ही हळूच गेलो. निम्मं खाचर ओलांडलं आणि माझ्या मागच्या चाकाखाली पापुद्रा फुटला. रेमंडनं जोर दिला तशी मी आणखी खाली गेले. ब्रह्मदेश पाहून आलेली मी, मरोळच्या एका बाईच्या खाचरात पोटावर बसले! तेवढ्यात पाऊस आला.

पाखाडीतून बैलांच्या जोड्या आणल्या. दोर बांधले. बैलांनी जीव खाऊन ओढलं आणि तेच गुडघ्यापर्यंत आत जाऊ लागले, तेव्हा त्यांना सोडवावं लागलं. विद्याधरराव धोतर खोचून चिखलात उभे होते. चष्म्यावरून पाणी गळत होतं. ते म्हणाले, "आपल्या प्लॉटवर खडी आहे. ती आणू. चाकांपासून रस्त्यापर्यंत चांगली जाड पसरू. मग निघेल ना?"

"निघेल," रेमंड म्हणाला.

खरंच निघाले असते. पलटणीत असंच काढायचे आम्हाला. माणसं घमेली भरून बांधावरून यायला लागली. पहिलं घमेलं रेमंडनं हातात घेतलं आणि मावशींकडं पाहिलं.

मावशींचं लुगडं चिंब झालं होतं. त्या म्हणाल्या, "घाल रे. बगतोस काय? तुजा संसार हाय तिच्यावर. माजा भात होईल पुडल्या वर्सी."

"पुडल्या वर्सी पन नाय होनार, मावशी. येवडा दगुड चिखलात गेला का परत कोन येचून काडनार? नांगराचा फाळ मोडेल. लावनी करताना तुजे पाय फाटतील."

"फाटू दे. घाल तू."

कार्मेन बांधावर होती. तिनं तोंडात पदराचा बोळा धरला होता. रेमंड काय करणार ते तिला त्याच्या पाठीवरूनच कळलं असावं, कारण तिनं डोळे मिटून घेतले. रेमंडनं घमेलं परत त्या माणसाच्या हातात दिलं.

"खडी परत न्या. गाडी भात कापेपर्यंत हितंच राहील."

विद्याधरराव म्हणाले, "अहो रेमंड, चार महिने चिखलात उभी राहिली तर इंजिनाची वाट लागेल. तुम्ही खाल काय?"

"ते बगू, सायेब. आदी गोनी उचला, सिमेंट भिजतंय."

मग जे झालं ते मी ब्रह्मदेशातही पाहिलं नव्हतं. बांध इतका अरुंद की दोन माणसं शेजारून जाऊ शकत नाहीत. त्या बांधावर माझ्यापासून प्लॉटपर्यंत माणसांची रांग लागली. सोसायटीचे कारकून, मास्तर, पाखाडीतली माणसं. कुणी बूट हातात घेतले, कुणी पँट मांडीपर्यंत दुमडली. एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर गोणी जात होती, आणि वर ताडपत्रीचे तुकडे धरून बायका बरोबर चालत होत्या. पहिली ताडपत्री धरली ती कार्मेननं, आणि तिचं दुसरं टोक उत्तराबाईंनी. एकमेकींची ओळखही नव्हती. कार्मेन रडत होती आणि चालत होती. उत्तराबाई तिच्या पावलाशी पाऊल जुळवत गेल्या.

संध्याकाळी रेमंडनं माझं सगळं तेल डब्यात काढून घेतलं, खाचरात सांडायला नको म्हणून. बॅटरी काढली. काचा वर केल्या. मग कुणाचं लक्ष नाही असं पाहून स्टिअरिंगवर कपाळ टेकलं. मला त्याच्याशी बोलता येत असतं तर काय बोलले असते, कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी मावशींनी नांगर घातला. माझ्या चहूबाजूंनी चिखलणी झाली. त्या दिवशी मला एक नवीनच गोष्ट कळली. ज्या चिखलाला मी जन्मभर शिव्या दिल्या, तो इथं माणसं मुद्दाम करतात. पाणी कोंडतात, बैल फिरवतात, ढेकळं पायांनी तुडवून लोण्यासारखी मऊ करतात, आणि चिखल चांगला झाला म्हणून खूष होतात! मग बायका ओळीनं वाकून लावणी करत माझ्या चाकांपर्यंत आल्या आणि मला वळसा घालून पुढं गेल्या.

आषाढ मी तसाच काढला. हौद्यात पाणी साचलं, त्यात बेडूक आले. सीटमध्ये उंदरानं संसार थाटला. गंज आधी पायांना लागला, मग पोटाला, मग आत, जिथं हात पोचत नाही तिथं. रेमंड दुसऱ्यांच्या लॉऱ्यांवर बदली ड्रायव्हर म्हणून जाऊ लागला. काम रोज मिळायचं नाही. कार्मेन एका शाळेत झाडलोट करू लागली. रेमंड बांधावर येऊन उभा राहायचा तेव्हा त्याच्या कपड्यांना परक्या इंजिनाचा वास यायचा. मला वाईट वाटायचं, पण राग आला नाही.

श्रावणात उघडीप मिळाली तेव्हा स्लॅब पडला. विद्याधररावांनी खोपटातला जुना कागद काढून टाकला आणि घरोघर जाऊन सांगितलं की दिवाळी नाही, गुढीपाडवा. काही जण त्यांना नाही नाही ते बोलले. ते निमूट ऐकून घेऊन आले. नव्या कागदावर त्यांनी पाऊस निळा रंगवला आणि चिखलासाठी तपकिरी पेन्सिल आणली. तपकिरी पट्टा निळ्याच्या दुप्पट लांब आहे.

आज आगेराचा सण. ऑक्टोबरातल्या पहिल्या रविवारी आमच्या पाखाडीतले लोक नव्या भाताची पहिली पेंढी कापून वाजतगाजत देवळात, म्हणजे चर्चमध्ये, नेतात, पाद्रीबाबा ती आशीर्वाद देऊन घेतात. ज्याचं शेत, त्यानंच आपली पेंढी न्यायची, अशी रीत. सकाळी कॉन्सेप्टामावशी कोयता घेऊन आल्या. बांधाजवळचा भात सोडून थेट माझ्यापाशी आल्या आणि माझ्या पुढच्या चाकाला लागून उभा असलेला भात त्यांनी मुठीत धरून कापला. बँड रस्त्यावर वाजत होता. मागं रेमंड आणि कार्मेन होते, इस्त्रीच्या कपड्यांत, सगळ्यांच्या मागं. मावशींनी पेंढी बांधली आणि रेमंडच्या हातांत दिली.

तो म्हणाला, "मावशी, शेत तुजं. पेंढी तू न्यायची."

"ने गुमान," मावशी म्हणाल्या. "हा भात तू ठेवलास."

पावसाळाभर रेमंड कुणासमोर रडला नव्हता. आज रडला, बँडसमोर, सगळ्या पाखाडीसमोर. मग पेंढी छातीशी धरून सगळ्यांच्या पुढं चालू लागला.

ते सगळे आता देवळात आहेत आणि मी एकटी आहे. माझं इंजिन पुन्हा सुरू होणार नाही. हे रेमंडलाही कळलंय आणि मलाही, फक्त आम्ही एकमेकांना सांगत नाही. नवी घरं बांधणाऱ्यांना मात्र मला एक सांगायचंय. बाबांनो, पाऊस धरा आणि चिखलही धरा. आणि ज्या वाटेनं तुमच्या विटा जाणार, ती वाट बाराही महिने वाटच असते का, ते तिथल्या माणसांना आधी विचारा. ती चांगली माणसं असतात, विचारलं तर सांगतात.

भात कापून झाला, जमीन वाळली की मला ओढून बाहेर काढायचं ठरलंय. त्यासाठी विद्याधरराव कुठून तरी मोठी साखळी आणणार आहेत. पुढच्या आठवड्यातच काढू, असं म्हणत होते. पण कडेचा भात अजून हिरवा आहे, साहेब. मी उभी आहे. घाई करू नका.